गावच्या शाळेत विज्ञानातली प्रतिभा कशी घडते

विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण सुधारायचे म्हटले की आपल्याकडे दोन वेगवेगळ्या चर्चा सुरू होतात. एक चर्चा सगळ्या मुलांविषयी असते आणि ती बहुधा वस्तूंवर येऊन थांबते: प्रयोगशाळा हवी, डिजिटल फळा हवा, टॅब हवेत. दुसरी चर्चा मोजक्या हुशार मुलांविषयी असते आणि ती परीक्षांवर येऊन थांबते: शिष्यवृत्ती, नवोदय, गुणवत्ता यादी, पुढे जेईई आणि नीट. शाळा व्यवस्थापन समितीची सभा असो, केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद असो, या दोन चर्चांची एकमेकींशी गाठ सहसा पडत नाही. माझ्या मते तो प्रश्न मुळात एकच आहे. ज्या वर्गात कोणालाच स्वतःच्या डोक्याने विचार करून उत्तर द्यावे लागत नाही, त्या वर्गात विचार करणारे मूल कोणते हे कळायला शिक्षकाला मार्गच नसतो. जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात) आलेल्या कापसाची प्रत ग्रेडर धागा ओढून ठरवतो, पण त्याच्या तपासण्याने धाग्याची लांबी वाढत नाही. निवड परीक्षांचेही तसेच आहे. लांबी वाढते ती त्याआधी, वर्गात, आणि म्हणून सुरुवात वर्गापासून करू.

मूल वर्गात येते तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. वीज, उष्णता, सावली, वजन, पाऊस यांविषयी त्याने स्वतःची एक समजूत आधीच बांधलेली असते आणि ती रोजच्या अनुभवावर उभी असल्यामुळे चांगली पक्की असते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या या समजुतीला धक्का न लावता तिच्या शेजारी जाऊन बसते. मग परीक्षेत मूल व्याख्या लिहिते आणि व्यवहारात जुनी समजूत वापरते. विज्ञानशिक्षणाचा अभ्यास करणारे संशोधक गेली अनेक दशके हेच सांगत आले आहेत की जुनी समजूत बाहेर काढून, ती तपासून, ती कुठे तोकडी पडते हे मुलाला स्वतः दिसल्याशिवाय नवी समजूत रुजत नाही. हे वाचायला सोपे वाटते. वर्गात ते कसे दिसते, हे एका उदाहरणाने पाहू.

सातवीच्या मुलांना टॉर्चचा एक लहान बल्ब, एक सेल आणि वायरचा एकच तुकडा द्यावा. होल्डर देऊ नये. (हल्ली टॉर्चमध्ये एलईडी असतो, तो या कामाचा नाही, एका सेलच्या दीड व्होल्टवर पांढरा एलईडी पेटतच नाही. तार असलेला जुना बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात मुद्दाम मागून घ्यावा लागतो.) वस्तू हातात देण्याआधी प्रत्येकाला वहीत चित्र काढायला सांगावे: बल्ब पेटवण्यासाठी तुम्ही काय कशाला जोडाल? बहुतेक चित्रांत सेलच्या टोपीपासून बल्बच्या बुडापर्यंत एक वायर जाते आणि गोष्ट तिथेच संपते. यात मुलांचा काही दोष नाही. घरी बोर्डापासून बल्बपर्यंत एकच केबल गेलेली त्यांना दिसते. तिच्या आत दोन तारा आहेत हे दिसत नाही.

आता वस्तू द्याव्यात. चित्राप्रमाणे जोडले तर बल्ब पेटत नाही. लगेच कारणे सुरू होतात: 'सर, सेलच डाऊन असन,' 'बलप गेला असन.' शिक्षकाची खरी परीक्षा इथे असते, कारण उत्तर सांगून टाकण्याचा मोह अनावर असतो. तो आवरावा आणि एवढेच विचारावे, की सेल डाऊन आहे की नाही हे कसे तपासाल? शेजारच्या गटाशी सेल बदलून पाहिला जातो, तरीही बल्ब पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या खटपटीत कोणीतरी बल्बचे बूड सेलच्या टोपीवर टेकवते आणि वायरचे एक टोक बल्बच्या धातूच्या कडेला, दुसरे सेलच्या तळाला लावते. बल्ब पेटतो आणि वर्गात जो गलका होतो तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जातो.

पण काम अजून निम्मेच झालेले असते. आता प्रश्न असा, की अशाच जोडणीने बल्ब का पेटला? बल्बला जोडण्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत, बुडाची आणि कडेची, आणि आतली बारीक तार त्या दोन जागांना जोडते, हे मुलांनी उडालेला बल्ब भिंगाखाली पाहून स्वतः सांगितले पाहिजे. त्यानंतर दुसरे कोडे घालावे: एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब जोडले तर दुसरा मंद पेटेल का? 'पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो, म्हणून दुसऱ्याला कमी मिळतो' असे बरीच मुले हमखास म्हणतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच पेटतात, फक्त एकट्या बल्बपेक्षा मंद. धारा वाटेत खर्च होत नाही, ती संपूर्ण मंडलात (सर्किटमध्ये) सारखीच असते. बल्बमध्ये रूपांतर होते ते ऊर्जेचे. ही चुकीची समजूत जगभरच्या मुलांत आढळते, इतकेच काय, पदवीधरांतही आढळते. घरच्या बोर्डावर यातले काहीही करायचे नाही आणि वायरची दोन्ही टोके सेललाच लावून धरायची नाहीत, ती तापते, एवढी ताकीद आधी द्यावी.

आधी अंदाज, मग कृती, मग कारण, असा हा क्रम आहे. अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे, कारण न लिहिलेला अंदाज निकाल पाहिल्यावर आपोआप बदलतो आणि 'मला माहीतच होते' असे होऊन बसते. या क्रमाने शिकवायला दोन तासिका जातात. व्याख्या सांगून उतरवून घ्यायला पंधरा मिनिटे पुरतात. अभ्यासक्रम संपवण्याचा दबाव शिक्षकावर असतो हे खरेच आहे, आणि प्रत्येक पाठ असा शिकवता येणार नाही. वर्षातून सात-आठ पाठ जरी असे झाले तरी पुरे. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १'मध्ये विद्युतधारेच्या परिणामांवर एक पूर्ण प्रकरण आहे, आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम घडाघडा सांगणाऱ्या मुलाला एक सेल, एक बल्ब आणि एक वायर दिली तर तो अडखळतो, ही गोष्ट आपल्याला जितकी टोचली पाहिजे तितकी टोचत नाही.

या उदाहरणात प्रतिभेचा भाग कुठे आला? सेल बदलून पाहू असे ज्या मुलीने सुचवले, तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे प्रयोगाचे मूलतत्त्व वापरले. ती घटक चाचणीत कदाचित मधल्या फळीत असेल. वर्गात असा प्रसंगच आला नसता तर तिच्यातले हे कोणालाही दिसले नसते, तिला स्वतःलाही नाही.

आता साधनांविषयी. गावोगावच्या शाळांत विज्ञान साहित्याची पेटी किंवा कपाट असतेच, आणि ते बहुधा कुलूपबंद असते. याचे कारण शिक्षकांचा आळस असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. साहित्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असते. परीक्षानळी फुटली, भिंग हरवले, तर तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागते. म्हणून वस्तू वापरण्यापेक्षा जपणे सोयीचे ठरते. त्यावरचा उपाय साधा आहे: फुटण्याजोग्या वस्तूंची वर्षाची अपेक्षित तूट शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून आधीच मान्य करावी. मोठ्या योजनांचे म्हणाल तर केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच, थ्रीडी प्रिंटर अशी सामग्री येते. जिथे ती आहे तिथे तिचा उपयोग व्हावाच. पण ज्या मुलांनी साधे मंडल स्वतः जुळवलेले नाही, त्यांच्यापुढे थ्रीडी प्रिंटर ठेवला तर ती बटण दाबायला शिकतात, यापलीकडे फारसे काही होत नाही. उलट, फेट नावाच्या संकेतस्थळावरच्या मोफत संगणकीय प्रतिकृती मोबाइलवर चालतात, त्यातल्या बऱ्याच मराठीत आहेत, आणि जे प्रत्यक्ष करता येत नाही (अणूची रचना, उपग्रहाची कक्षा) ते तिथे हाताळून पाहता येते. बल्ब मात्र खराच पेटवावा.

शिक्षकाचा प्रश्न साधनांपेक्षा मोठा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असायला हवा. कमी पटाच्या शाळांत प्रत्यक्षात भाषेचा किंवा इतिहासाचा शिक्षकच विज्ञानही शिकवताना दिसतो. त्याला 'मला हे येत नाही' असे म्हणण्याची सोय नसते, म्हणून तो पुस्तक वाचून दाखवतो. अशा शिक्षकाला व्याख्यानाचे प्रशिक्षण देऊन उपयोग होत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याने स्वतः चित्र काढून, स्वतः बल्ब जोडून, सहकाऱ्यांसमोर स्वतः अडखळून पाहिले, तर पुढच्या आठवड्यात वर्गात तो हे करू शकतो.

हाताने काम करत शिकणे ही काही परदेशातून आणायची गोष्ट नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. सूत कातताना गणित यावे, शेती करताना निसर्गविज्ञान यावे, असा तो विचार होता आणि सेवाग्रामला तो शाळेत उतरला. पुढे तो विचार सरकारी शाळांत 'कार्यानुभव' नावाच्या एका तासिकेत आक्रसला, ही वेगळी कथा. सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. स्वस्त साहित्याचा संच, गटागटाने प्रयोग, निरीक्षणावर चर्चा, अशी त्याची रीत होती. अरविंद गुप्ता यांच्या आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या आकृत्यांची सुरुवातही तिथलीच. मात्र मला त्या कार्यक्रमातली सगळ्यात धाडसाची गोष्ट वेगळी वाटते: तिथे परीक्षाही बदलली होती. मुलांना पुस्तक आणि वही परीक्षेत उघडून बसता येत असे आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होत असे. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम थांबवला. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की वर्गात विचार करायला सांगून परीक्षेत पाठांतर मागितले, तर मुले आणि पालक दोघेही परीक्षेकडेच पाहतात. बोर्डाची परीक्षा आपल्या हाती नाही. घटक चाचणी आणि अंतर्गत मूल्यमापन आहे. त्यात एक प्रश्न जरी 'असे केले तर काय होईल, आणि का?' या स्वरूपाचा आला तरी मुलांची अभ्यासाची पद्धत हळूहळू बदलते.

पुढची पायरी म्हणजे प्रकल्प. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी दिसणारा थर्माकोलचा ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाचे मॉडेल या दोन्ही वस्तू सुबक असतात, पण त्यांत मुलाला माहीत नसलेले काहीही शोधायचे नसते. त्याऐवजी शाळेच्या कुंपणापलीकडे पाहावे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शाळेभोवती कपाशी असते आणि कपाशीवर गुलाबी बोंडअळी असते. तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ५ कामगंध सापळ्यांची आहे. सापळ्यातल्या ल्यूरला (आमिषाला) मादी पतंगाचा गंध असतो, त्याने नर पतंग आकर्षित होऊन पिशवीत अडकतात. एका सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरून उपाययोजना करायची असते.

आठवी-नववीच्या मुलांनी शाळेलगतच्या तीन शेतांत हे सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजायचे आणि वहीत तारीख, सापळा क्रमांक, पतंगांची संख्या, आदल्या रात्री पाऊस होता की नाही, एवढे चार रकाने भरायचे. पहिल्याच आठवड्यात गणिताचा एक खरा प्रश्न उभा राहतो. एका सापळ्यात तीन रात्रींत २०, २ आणि २ पतंग आले. सरासरी ८ येते. मग पातळी गाठली का? नाही, कारण अट सलग तीन रात्रींची आहे, सरासरीची नाही. सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे यापेक्षा चांगल्या रीतीने कोणत्याही पुस्तकात सांगता येईल असे मला वाटत नाही. मग एखादा विचारतो, की सापळ्यात नुसते नरच येत असतील तर अळ्या किती हे कसे समजावे? त्यासाठी शेतातून वेगवेगळ्या ठिकाणची २० हिरवी बोंडे तोडून फोडायची; दोनांत अळी निघाली तर प्रादुर्भाव १० टक्के, आणि तीही धोक्याची पातळीच. पुढे कोणी म्हणते की जिनिंगजवळच्या किंवा पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग असलेल्या शेतात जास्त पतंग सापडतात. हे गृहीतक झाले, आणि ते तपासता येते. सुप्तावस्थेतल्या अळ्या जुन्या पऱ्हाट्यांत आणि सरकीत हंगामाबाहेर टिकतात हे शास्त्रज्ञांनाही माहीत असलेले कारण मुले स्वतः गाठतात.

याच प्रकल्पातून दहावीच्या भाग २ मधले आनुवंशिकता व उत्क्रांतीचे प्रकरणही हाती येते. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली; काही वर्षांत तिच्या विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या टिकून राहिल्या, त्यांचीच पुढची पिढी वाढली, आणि २०१७ मध्ये विदर्भात या अळीचा मोठा उद्रेक झाला. नैसर्गिक निवड याहून जवळून पाहायला मिळणे कठीण. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, हेही मुलांना माहीत असते. म्हणून फवारणी झालेल्या शेतात मुलांना पाठवायचे नाही आणि औषधाच्या डब्यांना हात लावू द्यायचा नाही, हा नियम प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा. जिथे कपाशी नाही तिथे दुसरे विषय आहेत. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा खारेपणा महिन्यागणिक मोजता येतो, आणि लोणारला तर उल्कापाताने तयार झालेले विवर घराशेजारीच आहे.

असा प्रकल्प करताना कोण पुढे येते हे पाहिले, म्हणजे 'प्रतिभा' या गोष्टीविषयीच्या आपल्या कल्पना थोड्या ढासळतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडले, की सरासरीहून बरी क्षमता, कल्पकता आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रतिभेचे वर्तन दिसते. यात अतितल्लख बुद्धीची अट नाही, हे लक्षात घ्यावे. आणि कल्पकता व चिकाटी या दोन गोष्टी तीन तासांच्या परीक्षेत फारशा दिसत नाहीत. ज्या मुलाने पावसातही सापळा मोजायचा चुकवला नाही, त्याची चिकाटी गुणपत्रिकेत कुठे लिहिणार? आणखी एक बारीक गोष्ट आहे. एकाच वर्गात काही मुले इतरांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठी असतात. पहिली-दुसरीत हा फरक मोठा असतो. मोठे मूल लवकर वाचते, म्हणून हुशार ठरते, म्हणून त्याला प्रश्न जास्त विचारले जातात, आणि मग ते खरेच पुढे जाते. लहान मूल तितकेच सक्षम असूनही मागे राहते. निवड जितकी लवकर, तितकी ही चूक मोठी.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, पांढरकवड्याकडे कोलामी बोलणाऱ्या मुलांबाबत तर आपण प्रतिभा आणि मराठीवरचे प्रभुत्व यांची सर्रास गल्लत करतो. गटातली चर्चा मुलांना घरच्या भाषेत करू द्यावी आणि निष्कर्ष तेवढा मराठीत मांडायला सांगावा. जंगलातल्या पाखरांविषयी, मोहाच्या फुलोऱ्याविषयी त्यांचे निरीक्षण शिक्षकांपेक्षा जास्त असते, आणि ते गप्प बसून वाया जाते.

वर्गात पुढे आलेल्या मुलाला आधार देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांची माहिती गावात फार उशिरा पोहोचते. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय विद्यालयाची निवड चाचणी असते. १९८५-८६ मध्ये देशात पहिली जी दोन नवोदय विद्यालये निघाली त्यांतले एक अमरावतीचे, दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असल्या तरी एका विद्यालयात वर्षाला सुमारे ८० मुले घेतली जातात. बाकी सगळा जिल्हा उरतोच. त्या उरलेल्यांसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात; पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना ती देता येते; निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र अकरावीपासून पुढे ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के सूट आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही निवड यादीत न आलेल्या मराठा आणि कुणबी मुलांसाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची दरमहा ८०० रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे, जी अनेक कुणबी पालकांना ठाऊकच नसते.

ही परीक्षा बहुधा डिसेंबरात होते. वऱ्हाडात त्याच सुमाराला कापूस वेचणी जोरात असते आणि शाळेची हजेरी घसरलेली असते. तयारी करून घ्यायचे महिने नेमके मुलाच्या हातून निसटतात. त्यामुळे तयारी जुलै-ऑगस्टमध्ये, निंदणाच्या आगेमागे उरकणे शहाणपणाचे. प्रकल्पाच्या कल्पनांसाठी इन्स्पायर अवॉर्ड-मानक ही योजना आहे. शाळा मुलांच्या पाचपर्यंत कल्पना ऑनलाइन पाठवते आणि निवडलेल्या मुलाच्या खात्यात नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये येतात. यात यूट्यूबवरून उचललेल्या कल्पनांचा भरणा फार असतो. सापळे मोजणाऱ्या मुलाला सुचलेली सापळ्याची एखादी सुधारणा त्यापेक्षा कितीतरी सरस ठरेल.

काही पायऱ्या मात्र मधूनच गेल्या आहेत. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली, आणि १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत विलीन झाली. म्हणजे दहावीनंतर मूलभूत विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलाला थेट बारावीनंतरची इन्स्पायर शिष्यवृत्तीच उरते. बोर्डात वरच्या १ टक्क्यात येऊन बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत आहे.

सर्वाधिक गळती होते ती दहावी आणि अकरावीच्या मध्ये. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावी विज्ञान इंग्रजीत शिकावे लागते. ज्याने अपवर्तन नीट समजून घेतले होते तो रिफ्रॅक्शनच्या तासाला गप्प बसतो. नववीपासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिली, आणि दहावीनंतरच्या सुटीत अकरावीच्या पुस्तकाची दहा-वीस पाने शिक्षकासोबत वाचून घेतली, तर हा धक्का बराच सौम्य होतो. दुसरी अडचण जास्त बिकट आहे. नाव तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल नागपूर-अमरावतीच्या क्लासमध्ये, या 'टाय-अप'च्या पद्धतीत बारावीच्या प्रत्येक विज्ञान विषयातले प्रात्यक्षिकाचे ३० गुण प्रयोगशाळेचे तोंड न पाहता मिळतात. ज्याच्याकडे क्लासची फी नाही तो गावाकडच्या महाविद्यालयात एकटा पडतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याचा बल्ब पुन्हा कागदावरच पेटतो. ही पद्धत थांबवणे पालकांच्या हाती नाही असे म्हटले जाते; पण महाविद्यालयात जाऊन 'प्रयोगवही दाखवा' असे विचारणे निश्चित त्यांच्या हाती आहे.

डॉक्टर किंवा आयआयटी एवढेच तंत्रज्ञानाचे मार्ग आहेत अशी समजूतही आपण मुलांच्या माथी मारली आहे. ज्या मुलाचा हात वायर, मोटर आणि पंपावर चालतो त्याला दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. मुलींच्या बाबतीत प्रश्न अनेकदा विषयाचा नसून शेवटच्या एसटीचा असतो. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण चारनंतर ठेवलेला प्रयोगाचा तास त्यांना सोडावाच लागतो. वेळापत्रक करताना प्रयोग पहिल्या सत्रात ठेवणे एवढ्या साध्या बदलाने निम्मा वर्ग परत मिळतो.

वर्षातून एक सहल नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राला न्यावी, शालेय सहलीला एसटीत ५० टक्के सवलत असते. जाण्याआधी मुलांनी पाहायच्या तीन गोष्टींविषयी अंदाज लिहून न्यावेत, नाहीतर तो दिवस फोटो काढण्यात जातो. जून संपण्याआधी सातवी-आठवीच्या पालकांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे. नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यावे, कारण शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुधा याच ठिकाणी.